खोचायच्या टोकावरचा खडा

आपल्या मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकांनी मला सोपा विषय दिला होता. "तू पाहुण्यांना सुरत दाखवतेस ना? मग तेच लिही. काय बघावं, कुठे काय खावं, खरेदी कशी करावी. दिवाळीनंतर सगळ्यांकडे गावाकडची माणसं येतात, त्यांना उपयोगी पडेल."

मी लगेच हो म्हटलं. यादी करायला बसले. तीनदा केली, आणि तिन्ही वेळा साडीपाशी येऊन थांबले. "साडी घेण्याआधी पदरावरच्या कामावरून अंगठा फिरवून बघा," एवढीच ती ओळ. गेली अडीच-तीन वर्षं ही ओळ मी प्रत्येक पाहुण्याला तोंडी सांगत आले आहे. कागदावर मात्र ती उतरेना. त्या ओळीमुळे माझ्या आईचं काम एकदा आमच्याच दारात परत आलं होतं. त्यात माझी चूक काय होती, हे आईला सांगायला मला कित्येक महिने लागले. म्हणून यादीबरोबर तेही लिहिते आहे. मला लेख लिहायची सवय नाही. लांबलं तर काकांनी कापावं.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील बमरोलीच्या कामगारवस्तीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात आहेत. कारखान्याला इथे खातंच म्हणतात. आम्ही मूळचे शिरपूरकडचे. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, कॉलेजात गुजराती, आणि लिहायला शाळेतली मराठी, असं माझं चालतं. आईला आम्ही माय म्हणतो. ती घरी बसून साड्यांवर खडे लावते. म्हणजे लावत होती.

शनिवारी-रविवारी मी स्टेशनजवळच्या एका लहानशा ट्रॅव्हल ऑफिसतर्फे पाहुण्यांबरोबर फिरते. नाशिक, जळगाव, संगमनेर अशा बाजूंनी महिला मंडळांच्या बस येतात, त्यांना मराठी बोलणारं कुणीतरी लागतं. ऑफिसचे मालक हर्षदभाई पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, "इतिहास सगळा पुस्तकात लिहिलेला आहे. तू फक्त माझी माणसं हरवू नकोस."

लोकांना वाटतं, हे काम बोलण्याचं आहे. खरं तर ते बघण्याचं आहे. बसमधून उतरताना कोण दांडा घट्ट धरतं, कोण पायरीवर पाऊल ठेवण्याआधी जरा थांबतं, हे मी पहिल्या पाच मिनिटांत बघून ठेवते. मग दिवसभर त्या बाईच्या बाजूनेच चालते, तिला कळू न देता. इमारत नंतर, आधी स्वच्छतागृह. आत जाताना आणि बाहेर येताना डोकी मोजायची. आणि जे माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून सांगायचं. हे शेवटचं मला सुरुवातीला फार जड गेलं. कॉलेजात पुढच्या बाकावरच्या मुली "माहीत नाही" सहज म्हणतात. मला मात्र वाटायचं, मी म्हटलं तर लोक म्हणतील, हिला येत नाहीच.

आता यादी.

किल्ला सकाळी बघा. तापीवरून वारा येतो आणि दगड तापलेले नसतात. तिथून डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या दफनभूमीत जा. लोकांना वाटतं, चार क्रूस असतील. तिथे घुमटांची, खांबांची, दुमजली घरांएवढी थडगी आहेत. आत शिरल्यावर बडबडी माणसंही गप्प होतात. तिथे मी फारसं बोलत नाही. इतक्या लांबून येऊन माणसं इथे मेली, एवढं सांगते.

लोचो उभ्याने आणि गरम खायचा. गार झाला की त्यात काही उरत नाही. खमण बिघडलं म्हणून लोचो झाला असं सगळे सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही. घारी ही इथली मिठाई उपाशीपोटी खाऊ नका, साजूक तुपाची असते, दोघांत एक पुरते. थंडीत आलात तर पोंक खा. पाहुणे पहिला घास घेतात आणि हमखास म्हणतात, "अगं, हा तर आपला हुरडा!" आहेच तो ज्वारीचा हुरडा. पण इथे त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव देतात, आणि तेवढ्याने तो सुरतेचा होतो.

मराठी पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एकदा पुण्याचे एक निवृत्त इंजिनियर चौटा बाजाराच्या ऐन गर्दीत उभे राहून मोठ्याने म्हणाले, "महाराजांनी लूट केली ती जागा नेमकी कुठली? बोट दाखव." आजूबाजूला सगळे दुकानदार. मराठी येत नसली तरी "महाराज" आणि "लूट" हे शब्द कुणालाही कळतात. मी हळूच म्हटलं, "काका, आपण जिथे उभे आहोत ती सगळीच." एका बांगडीवाल्याने ते ऐकलं आणि तो हसत म्हणाला, "हवे शुं लेशो, काका?" आता काय नेणार, असं. काकांनी पुतणीसाठी बांगड्या घेतल्या, आणि भाव केला नाही.

खरेदीला रविवार धरू नका. रिंग रोडवरची कापडाची मार्केटं रविवारी बंद असतात, आणि दर आठवड्याला कुणीतरी त्या बंद शटरपुढे उभं राहून हळहळतं. शनिवारी जा. सहज निघतील अशा चपला घाला, कारण दुकानात पांढऱ्या गादीवर बसायचं असतं. मुख्य म्हणजे एकट्याने जाऊ नका. तिथे एकेक साडी विकत नाहीत, सेट विकतात. सेट म्हणजे एकच डिझाइन, सहा किंवा आठ रंगांत. सहा बायका मिळून गेल्या की एक सेट घ्यायचा आणि रंग वाटून घ्यायचे. मरून सगळ्यांना हवा असतो, राखाडी कुणालाच नको असतो. त्यावरून बसमध्ये रुसवेही होतात.

आणि अंगठा.

खड्यांची साडी असेल तर ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली बघायची नाही. दारात न्यायची, तिरपी धरायची. वेलीच्या ओळीत खडे एका रेषेत चमकले पाहिजेत. मग अंगठ्याचं पेर ओळीवरून हलकं दाबत न्यायचं. गोंद नीट धरलेला असेल तर काही होत नाही. एखादा खडा जरी हलला, तरी दोन धुण्यांत पदर मोकळा होणार. पाहुण्या बायकांना हे फार आवडायचं. "कुठे शिकलीस गं?" असं विचारायच्या. मी म्हणायचे, "अनुभव."

शिकले होते मायकडून. लहानपणापासून तिला बघत आले आहे. काडीच्या टोकाला मेण, त्याने खडा उचलायचा, गोंदाच्या थेंबावर ठेवायचा. वेल पुरी झाली की वाळू द्यायची, मग दारात नेऊन तिरपी धरायची, मग अंगठा. एखादा हलला तर काढून पुन्हा लावायचा.

हे मी कुणाला सांगत नव्हते. "तू राहतेस कुठे?" असं पाहुण्यांनी विचारलं की मी "अडाजणला" म्हणायचे. तिकडे बँकेतली, शाळेतली मराठी माणसं राहतात. आणि "हे खडे लावतं कोण?" असं विचारलं की "मशीनवर होतं" म्हणायचे. बमरोली म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, आणि मशीन म्हटलं की येत नाही.

त्या शनिवारी संगमनेरच्या सहा जणी होत्या. म्होरक्या होत्या शैलाताई, निवृत्त शिक्षिका. बसमध्ये माझ्याकडून एकीचं नाव चुकलं म्हणून त्यांनी मला सगळ्यांची हजेरी घ्यायला लावली होती. आम्ही महेंद्रभाईंच्या दुकानात बसलो. हे व्यापारी माझ्या ओळखीचे, मी बरेचदा पाहुणे नेत असे. त्यांच्या माणसाने एक सेट उलगडला. पदरावर तीन पाकळ्यांच्या फुलांची वेल. सहाही जणी एकदम पुढे सरकल्या.

"मरून माझी," एक म्हणाली.

"तुझी कशी? तुला मागच्या वर्षी येवल्यात मिळाली की."

"भांडू नका," शैलाताई म्हणाल्या. "आधी आमच्या मॅडमना तपासू दे."

मॅडम म्हटल्यावर मला अवघडल्यासारखं झालं, पण बरंही वाटलं. मी मरून साडी उचलली, दारात नेली, तिरपी धरली. पहिली दोन फुलं ठीक होती. तिसऱ्या फुलापासून ओळ खाली उतरत गेली होती. अंगठा फिरवला तर दोन खडे निघून हातात आले. दुसरी साडी बघितली, तिचंही तेच.

"ताई, नका घेऊ," मी म्हटलं. "काम कच्चं आहे. लावणाऱ्याचा हात स्थिर नाही."

महेंद्रभाई उखडले. "बेन, तमे घराक लावो छो के भगाडो छो?" गिऱ्हाईक आणतेस की पळवतेस, असा त्यांचा सवाल. मी ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाशी खरं बोलणं हेच माझं काम, असं मला त्या वेळी अगदी मनापासून वाटत होतं.

साडी परत द्यायची म्हणून मी घडी घालायला घेतली. घडी घालताना आतलं टोक वर आलं. साडी नेसताना जे टोक आपण कमरेला खोचतो, ते. तिथे काहीच काम नसतं, कोरं कापड असतं. त्या कोऱ्या कापडाच्या कोपऱ्यात एक खडा होता. एकटाच.

तो मायचा होता. प्रत्येक साडी सुरू करण्याआधी ती तिथे एक खडा लावून बघते, गोंद धरतो आहे का ते. एकदा बाजारातून वाईट गोंद आला होता आणि अख्खा गठ्ठा वाया गेला होता, तेव्हापासूनची तिची ही सवय. तो खडा ती काढत नाही, काढला तर कापडावर डाग राहतो. खोचल्यावर कुणाला दिसतही नाही. असं करणारी दुसरी बाई मी बमरोलीत पाहिलेली नाही.

तुम्ही विचाराल, डिझाइन आधी कसं ओळखलं नाही. घरी साडी कधी पूर्ण उलगडत नाहीत. जेवढ्यावर काम चाललेलं असतं तेवढंच कापड समोर असतं, बाकीचा गठ्ठा. आणि खरं कारण हे, की मी घरात त्या गठ्ठ्यांना ओलांडून जात होते. बघत नव्हते.

मी घडी पुरी केली. साडी गादीवर ठेवली. बायका उठल्या. जिना उतरताना शैलाताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हुशार आहेस. तुझ्या आईनं चांगलं शिकवलंय तुला."

पुढच्या मंगळवारी दुपारी मी कॉलेजातून घरी आले तेव्हा रमीलाबेन दारात होत्या. घरोघर गठ्ठे पोचवायचे आणि झालेलं काम मार्केटात न्यायचं, हे काम त्या करतात. त्यांनी मोपेडवरून गठ्ठा उतरवला. मरून रंग बाहेर डोकावत होता.

"पाछुं आव्युं," त्या म्हणाल्या. परत आलं. मग त्यांनी मायला सांगितलं, की दुकानात कुणी मराठी बाई आली होती, भारी जाणकार, अंगठा फिरवून बघितलं म्हणे, आणि सगळं गिऱ्हाईक उठून गेलं.

मायला राग आला नाही. ती हसली. "अंगठा फिराईसन दखं का? मंग ती आपलामाधलीच कोनी व्हई." अंगठा फिरवून बघितलं, म्हणजे ती आपल्यातलीच कुणीतरी असणार. तिच्या आवाजात त्या अनोळखी बाईबद्दल कौतुक होतं.

मी बॅग उतरवली, पाणी प्यायले, आत गेले.

थोड्या वेळाने माय उंबऱ्यात बसून खडे काढून पुन्हा लावू लागली. एक ओळ झाल्यावर तिने हाक मारली, "दख ना व, लाईन सरय शे का?" बघ ना गं, ओळ सरळ आहे का?

"शे, शे," म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. सवयीने. आणि तेव्हा मला कळलं, की हा प्रश्न ती मला रोज विचारते. त्या दिवशी नव्हे, त्या आठवड्यात नव्हे, कितीतरी महिन्यांपासून. मी पुस्तकातून, मोबाइलमधून मान वर न करता "शे, सरय शे" म्हणत आले होते. ती ते खरं धरत होती आणि साडी घडी करून ठेवत होती.

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. ओळ सरळ नव्हती. मी तिच्याकडे बघितलं. खडा ती नाकाजवळ नेऊन बघत होती. गोंदाचा थेंब कुठे पडला ते बोटाने चाचपत होती. आत खोलीत बसून काम करणारी माय उंबऱ्यात कधी आली, मला आठवेना. मोरीत उतरताना ती चौकट धरते, हे मी बघितलं होतं. बघून विसरले होते. बसमधून उतरणाऱ्या अनोळखी बाईचा हात दांड्यावर कसा आहे, हे मी पाच मिनिटांत ओळखते.

"माय, तुला दिसत नाही का?"

ती काम करत राहिली. मग म्हणाली, "लांबनं दिखस. मले बारीक दिखत नही." लांबचं दिसतं, बारीक दिसत नाही. "तू सांगस ना सरय शे म्हनीसन. मंग काय?" तू सांगतेस ना सरळ आहे म्हणून, मग काय.

त्या दिवशी मी तिला दोन गोष्टी सांगायला हव्या होत्या. एक, ती जाणकार बाई मीच. दुसरी, मी कधी बघतच नव्हते. दोन्ही सांगितल्या नाहीत. फक्त म्हटलं, "माय, वाकडी आहे. ठेव ते." आणि शुक्रवारी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुसऱ्याला जवळचा चष्मा फार आधीच लागायला हवा होता. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" माय म्हणाली, "घरीच असते." मी अडाजण म्हणते, ती घरीच असते म्हणते.

ऑपरेशन झालं. चष्मा आला. पण रमीलाबेननी तिला खड्यांचं काम परत दिलं नाही. आता त्या मायला साडीच्या मागचे सुटे दोरे कापायला देतात. त्याला कात्री पुरते. मायने खड्यांची डबी, मेणाची काडी धुऊन पुसून कपाटात ठेवली. ती कधी तक्रार करत नाही, म्हणून तर मला बोलता येईना. ती ओरडली असती तर मी सांगून टाकलं असतं.

थंडीत एकदा तीच म्हणाली, "मले दखाड ना, तू लोकेसले काय दखाडस ते." लोकांना काय दाखवतेस ते मला दाखव. वीस-बावीस वर्षं ती सुरतेत आहे. स्टेशन, बमरोली, सिव्हिल हॉस्पिटल आणि भाजीबाजार, एवढीच तिची सुरत.

मी शनिवार धरला. हर्षदभाईंना रजा मागितली तर ते म्हणाले, "आईला नेतेस? मग जे पाहुण्यांना दाखवतेस ते सगळं दाखव, शॉर्टकट मारू नकोस." मी काहीच गाळलं नाही. किल्ल्याच्या भिंतीवरून तिने तापीच्या पलीकडच्या काठावरची माणसं मोजून दाखवली, नवा डोळा तपासत असल्यासारखी. दफनभूमीत ती पदर डोक्यावर घेऊन फिरली आणि एका घुमटाखाली थांबून म्हणाली, "मरेल मानसेसले एवढाला घरं!" मग इकडेतिकडे बघून, आपण काही वावगं बोललो की काय, म्हणून हात जोडले. लोचो तिला आवडला नाही. पोंक आवडला. शेव तिने बाजूला काढून ठेवली आणि नुसता हुरडा खाल्ला.

मग म्हणाली, "ते दुकान दखाड." आपलं काम जातं कुठे, हे तिला बघायचं होतं; दुकानाचं नाव तिने रमीलाबेनच्या तोंडून ऐकलं होतं.

मी टाळायला बघितलं. जिने फार आहेत म्हटलं. ती जिना चढू लागली.

महेंद्रभाई मला बघून म्हणाले, "आज कोने लाव्या?" कुणाला आणलंस?

"माझी आई आहे," मी म्हटलं. त्या दुकानात मी हे वाक्य पहिल्यांदाच बोलत होते. त्यांनी लगेच चहा सांगितला. माय चपला काढून गादीच्या अगदी कडेला बसली. मी बस म्हटलं तरी आत सरकेना. इतकी वर्षं जे कापड तिच्या मांडीवर होतं, ते आज तिच्यापुढे कुणीतरी दुसरा उलगडत होता, एकामागून एक. तिने पदर बघितलाच नाही. ती प्रत्येक साडीचं आतलं टोक शोधत होती. कोरा कोपरा बोटाने चाचपून बघायची आणि सोडून द्यायची.

ते मला बघवेना. मी तिथेच सगळं सांगितलं. हळू आवाजात, अहिराणीत, म्हणजे महेंद्रभाईंना कळू नये. ती मराठी बाई मी होते. तुझा खडा मला दिसला होता आणि मी गप्प बसले. आणि तू विचारायचीस तेव्हा मी कधीच बघत नव्हते.

मायने हातातला कोपरा सोडला. चहावर साय धरली. मला वाटलं, ती विचारेल की इतक्या बायकांसमोर माझं काम कच्चं म्हणालीस का. तिने ते विचारलंच नाही. काम कच्चंच होतं, हे तिला मान्य होतं.

"तठे खरं बोलनी," ती म्हणाली, "आनि घरमा खोटं?"

परक्या बायकांशी खरं बोललीस आणि घरात खोटं. एवढंच.

मग तिने समोरची एक साडी ओढली. निळी, मोराचं काम असलेली. माझ्या हातात दिली. "दख. सरय शे का?"

मी ती दारात नेली. तिरपी धरली. घाई केली नाही. पदराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक ओळ बघितली. मागे वळून बघितलं तर माय माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"नही, माय," मी म्हटलं. "मोरनी मानपाइन वाकडी शे." मोराच्या मानेपासून वाकडी आहे.

तिने साडी मागून घेतली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ओळीवरून अंगठा नेला, मानेपाशी थांबली, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "हिलेबी दिखत नही व्हई."

हिलाही दिसत नसेल.

मी महेंद्रभाईंना विचारलं, हे काम कुणी केलं आहे. त्यांनी खांदे उडवले. खरंच त्यांना माहीत नव्हतं. गठ्ठ्याला एक चिठ्ठी असते, तिच्यावर काम करणाऱ्या बाईचा नंबर असतो, एवढं ते म्हणाले. मायने मला तो नंबर लिहून घ्यायला लावला. तो दाखवल्यावर रमीलाबेन आधी चिडल्या, "तमारे शुं काम छे?" म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय. मग दोन दिवसांनी नाव सांगितलं. ती बाई आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे निघाली, अमरावतीकडची. माय तिच्याकडे गेली तेव्हा ती दार उघडेना. तिला वाटलं, काम काढून घ्यायला कुणी आलंय. माय बाहेरूनच बोलत राहिली. पुढच्या आठवड्यात दोघी मिळून दवाखान्यात गेल्या.

तेव्हापासून असे नंबर मी मायला आणून देते, पण सगळ्यांचं असं होत नाही. काही नंबरांच्या बायकांचा पत्ता लागत नाही, काही वेळा रमीलाबेन ऐकत नाहीत, आणि एका बाईने मायला सरळ हाकलून दिलं. मी अजून पाहुण्यांना मार्केटात नेते. वाकडं काम दिसलं तर वाकडं म्हणते. मशीनवर होतं असं आता म्हणत नाही.

काकांना हवी असलेली यादीतली शेवटची ओळ मी चौथ्यांदा लिहिली, ती अशी:

खड्यांची साडी घेण्याआधी दारातल्या उजेडात न्या, तिरपी धरा, पदरावरून अंगठा फिरवा. ओळ वाकडी असेल तर साडी घेऊ नका. पण गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीचा नंबर लिहून घ्या आणि मला आणून द्या. मी बमरोलीत राहते.